गाळातली वीज

गाळातून निघणाऱ्या वायूचं वय दोनशे ऐंशी वर्षं आलं, तेव्हा योगिता मारबतेला आधी वाटलं, प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. तिने पुण्याला फोन लावला. तिथे कार्बनचं वय मोजणाऱ्या यंत्रावर नाझनीन होती, तिची शिकत असतानाची मैत्रीण.

"अदलाबदल नाही," नाझनीन म्हणाली. "मलाही विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजलं. तुझ्या तलावातून जो कार्बन वर येतोय तो जुना आहे, योगिता. तू तिथे नक्की काय जाळते आहेस?"

योगिता काहीच जाळत नव्हती. निदान त्या क्षणापर्यंत तिची तशी समजूत होती.

भंडारा-गोंदियाकडे तलावांना तोटा नाही. तीनेकशे वर्षांपूर्वी कोहळी लोकांनी उतार हेरून, मातीच्या पाळी घालून ठिकठिकाणी पाणी अडवलं, आणि त्या पाण्यावर धानाची शेती उभी राहिली. देवलझरीचा तलाव त्यातलाच एक. त्याच्या काठाला मासेमार ढिवरांची वस्ती होती. योगिता त्या वस्तीतली. तिचा बाप डोंग्यात बसून जाळं टाकायचा. आता मोठा भाऊ देवानंद टाकत होता, आणि मच्छीमार सोसायटीचा अध्यक्षही तोच होता. योगिता शिकत गेली ती थेट नागपूरला जाऊन सूक्ष्मजीवशास्त्रात शिरली. पीएच.डी.साठी गाळाचे नमुने हवे होते. बाकीच्यांनी दूरदूरचे गाळ मागवले. हिने आपल्याच तलावातला डबाभर गाळ नेला. त्या डब्यात तिला जे सापडलं त्याने तिचं नाव झालं आणि देवलझरीचंही.

तलावाच्या तळाशी दर वर्षी पानं, कमळाचे देठ, शेवाळ, मेलेले किडे जाऊन बसतात. तिथे प्राणवायू पोचत नाही, पण जिवाणू असतात आणि त्यांना भूक असते. अन्न पचवलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते कुणाला तरी दिल्याशिवाय पुढचा घास घेता येत नाही. माणूस ते प्राणवायूला देतो. आपण श्वास घेतो तो त्यासाठीच. गाळातल्या जिवाणूला प्राणवायू मिळत नाही, म्हणून तो लोखंडाचे कण शोधतो, गंधक शोधतो, आणि काहीच हाती लागलं नाही तर अर्धपोटी पडून राहतो. अशा वेळी गाळात कार्बनची जाळी पसरली आणि तिला जोडलेली तार वरच्या हवेशीर पाण्यात सोडली, तर तो आपले इलेक्ट्रॉन जाळीच्या हवाली करतो. ते तारेतून वाहू लागले की झाली वीज.

ही युक्ती शास्त्रज्ञांना कधीपासून ठाऊक होती, पण तिच्यावर जेमतेम घड्याळ चालत असे. कारण जाळीला चिकटून असलेले जिवाणूच तेवढे कामाला येत. योगिताच्या डब्यातला जिवाणू निराळा निघाला. तो प्रथिनांचे लांबच लांब धागे काढायचा, ते एकमेकांत गुंतायचे, आणि हात-दोन हात लांबचा जिवाणूसुद्धा त्या धाग्यांवरून आपली वीज जाळीपर्यंत पाठवायचा. सगळा गाळच तार होऊन जायचा. तिने त्याला नाव दिलं काळधागा.

तो शोध लागला तो काळही तसाच होता. कोळशाची केंद्रं एकामागून एक बंद होत होती. दिवसा उन्हाची वीज इतकी की घेणारा मिळत नसे, आणि सूर्य मावळला की खेड्यांचा पुरवठा तोडला जाई. साठवणुकीच्या बॅटऱ्या शहरांनाच पुरत नव्हत्या. अशा दिवसांत एक तलाव रात्रंदिवस, पावसापाण्यात, एकसारखी वीज देतो म्हटल्यावर सरकारने तो उचलून धरला. योगिताचे मार्गदर्शक डॉ. श्रीकर पडगिलवार यांच्या संस्थेने देवलझरीच्या तळावर जाळ्या अंथरल्या आणि तिथली अधिकारी म्हणून योगितालाच पाठवलं.

सात वर्षांत गाव ओळखू येईनासं झालं. देवानंदच्या बायकोने, ललिताने, वस्तीतल्या बायकांना घेऊन बर्फाचा कारखाना काढला. आधी मासे दुपारपर्यंत विकले नाहीत तर फेकावे लागत. आता ते बर्फात बसून रायपूरपर्यंत जाऊ लागले. घरोघर कूलर आले, मग एसी आले. बाहेर गेलेली पोरं परतली. आणि स्विच बंद करायची सवय गावाची मोडली. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे जळत असायचे. कुणी बोललंच तर उत्तर ठरलेलं, "जळू दे ना बाप्पा, चिखलच तर आहे."

योगितालाही ते उत्तर मनातून आवडायचं. तिचा हिशेब सरळ होता : दर वर्षी पानं पडतात, दर वर्षी कुजतात, त्यांची वीज होते; पुढच्या वर्षी पुन्हा पडतात. तारेतला प्रवाह सात वर्षांत केसाएवढाही घटला नव्हता. जे घटत नाही ते भरून येत असणार, असं सगळ्यांनी धरलं. तिनेही धरलं.

नाझनीनच्या आकड्याने तो हिशेब पार उलटवला. जिवंत पान हवेतून कार्बन घेतं तेव्हा त्यात किंचितसा किरणोत्सारी कार्बनही येतो. पान मेलं की आवक थांबते आणि तो किरणोत्सारी अंश ठरलेल्या गतीने झिजत जातो. किती झिजला ते मोजलं की पान कधीचं ते कळतं. काळधागा यंदाचीच पानं खात असता, तर त्याच्या पोटातून निघणारा वायूही ताजा असता. पहिल्या वर्षी तो होताही तसा. त्यानंतर कुणी वय मोजलंच नव्हतं. आता वायू दोनशे ऐंशी वर्षांचा निघाला होता, आणि तलाव होता जेमतेम तीनशे वर्षांचा.

यंदाची पानं काळधागा दिवाळीपर्यंतच फस्त करत होता. मग धागे खाली उतरत, जुन्या थरात तोंड घालत. पहिलं वर्ष सोडलं तर गावाचे दिवे पणज्या-खापरपणज्यांच्या काळातल्या पानांवर जळत होते, आणि आता तो साठा संपत आला होता.

वीज संपली असती तर एक वेळ चाललं असतं. योगिताला धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. या भागात मातीखाली मुरूम आहे. पाणी पितो आणि खाली सोडून देतो. तलाव त्यावर टिकतो तो तळाच्या काळ्या चिकट थरामुळे. कुजलेल्या पानांनी मुरमाची भोकं बुजवलेली असतात. तो थरच खाल्ला गेला तर?

तिने एक पत्र्याचा ड्रम अर्धा पाण्यात बुडवून तलावात उभा केला आणि आतबाहेर सारखं पाणी भरलं. ऊन दोन्हीकडे सारखंच पडतं, म्हणजे वाफ सारखीच होणार. पाणी आतबाहेर सारखं उतरलं तर काळजी नाही. पंधरवड्यानंतर ती डोंगा घेऊन गेली, तेव्हा ड्रमातलं पाणी बाहेरच्यापेक्षा हातभर वर होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नागपूरची बस धरली.

*

"तुझा निष्कर्ष चुकीचा आहे असं मी म्हणत नाही," डॉ. पडगिलवार म्हणाले. नागपूरच्या त्यांच्या खोलीत भिंतभर नकाशा होता, आणि त्यावर साठ तलावांवर हिरव्या खुणा. दुसरा टप्पा. खैरटोल्याच्या तलावात तर जाळ्या पडून तीन वर्षं झाली होती. "पण एका तलावावरून साठ तलाव थांबवायचे?"

"तलाव गळतोय, सर."

"तीनशे वर्षांची मातीची पाळ आहे. दुसरीकडून गळत नसेल कशावरून?"

"पाळ तपासली. कोरडी आहे."

पडगिलवारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते लबाड नव्हते. योगिताला त्यांनीच घडवलं होतं, आणि तिचा शोध आपल्या नावावर खपवण्याची संधी असताना तो तिच्या नावावर राहू दिला होता.

"हे थांबलं तर पुढे काय होईल, सांगू?" ते म्हणाले. "लोकांना संध्याकाळच्या विजेची सवय झाली आहे. ती ते सोडणार नाहीत. बंद पडलेल्या भट्ट्या पुन्हा पेटतील. कोळसा तरी काय असतो, योगिता? कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडंच ना? मग तुझ्या तीनशे वर्षांच्या पानांनीच काय घोडं मारलंय?"

"कोळसा खातोय हे आपल्याला माहीत तरी होतं, सर."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "वर्षभर आणखी मोज. तोपर्यंत बाहेर बोलू नकोस."

"वर्षभरात फार उशीर झालेला असेल."

"म्हणजे तू बोलणार."

"गावाला सांगावं लागेल. माझा भाऊ आहे तिथे."

"म्हणूनच म्हणतो, नको सांगूस," पडगिलवार म्हणाले. "गावाशी वैर परवडतं. भावाशी परवडत नाही."

*

देवानंदने तिचं सगळं ऐकून घेतलं. ताट पुढ्यात होतं, ललिता भाकरी वाढत होती. ड्रमाचं सांगून झालं तसा तो हसला.

"तुडूम गळत असंल," तो म्हणाला. तुडूम म्हणजे पाळीतलं शेताला पाणी सोडायचं दार. "मी उद्या चिकण माती लावून बुजवतो. एवढ्यासाठी तू नागपूरले जाऊन आली?"

त्याने खरंच दुसऱ्या दिवशी माणसं लावून तुडूम लिंपून घेतलं. पाणी उतरायचं थांबलं नाही. मग तो स्वतः डोंग्याने ड्रमापाशी गेला, वाकून आत पाहिलं, बाहेर पाहिलं, आणि डोंगा वळवून परत आला.

"दादा, मरळ किती बारीक झाली, तूच सांगत होता ना?" योगिताने त्या रात्री जेवताना विचारलं. "गाळातल्या लाल अळ्या, गोगलगायी, सगळ्यांचं पोट त्या कुजक्या पानांवर असते. काळधागा त्यांच्यासाठी काही ठेवूनच नाही राहिला. मग मासे का खातीन?"

"मंग पानं टाकू," देवानंद म्हणाला. "जंगल का लांब आहे? ट्रॅक्टरनं आणू आणि टाकू तलावात. तुह्या जिवाणूले पाहिजे तेवढं खाऊ दे."

"अन् जंगलाची माती का खाईन? तिथली पानं तिचीच आहेत. दोन-चार वर्षांत तिकडे बांबू वाळला की मंग कुठून आणशील?"

"म्हणजे घ्याचंच नाही का काही, या जगात?" त्याचा आवाज चढला. "नदीतून घेतलं तर नदी मरते, कोळसा घेतला तर हवा मरते. आता चिखल बी घ्याचा नाही?"

"घ्याचा ना. वर्षाले जेवढा येते, तेवढा."

"तो किती?"

"आता जेवढी वीज जळते, तिच्या सहाव्या हिश्शापुरता."

ललिताचा हात भाकरीवर थांबला.

"बाई," ती म्हणाली, "सहाव्या हिश्शात माहा कारखाना चालते का?"

योगिताने खोटं सांगितलं नाही. "घरातले कूलर अन् एसी सगळे बंद झाले, तर चालंल. नाहीतर नाही."

"गावात कोण बंद करंल?" ललिता म्हणाली आणि उठून आत गेली.

*

सभा बर्फाच्या कारखान्याच्या पटांगणात झाली. सरपंच तेजराम उके मधे बसले होते. योगिताने कागद नेला नव्हता, पडद्यावर चित्रं दाखवली नाहीत. ड्रमच बैलगाडीवर घालून आणला होता आणि काय घडलं ते साध्या भाषेत सांगितलं. दोन उन्हाळे असेच गेले तर तिसऱ्या उन्हाळ्यात तलावात पाणी ठरणार नाही, आणि पाणी नाही तर धान नाही, मासे नाहीत, आणि वीजही नाही.

लोकांनी शांतपणे ऐकलं. ती आपल्यातली होती. तिला खोटं पाडायची कुणाची इच्छा नव्हती. पण मग एकेक जण बोलू लागला. एकाने पोराचं लग्न एसीच्या भरवशावर उन्हाळ्यात धरलं होतं. एकाची म्हातारी आई कूलरशिवाय जगली नसती. शिवणाची यंत्रं घेतलेल्या बायका होत्या. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं.

"बाई, तुह्या मोठ्या सायबाचं काय म्हणणं आहे?" तेजराम उकेंनी विचारलं.

"ते म्हणतात, वर्षभर मोजून पाहा."

"मंग मोजू ना जी," सरपंच सुटकेचा निःश्वास टाकत म्हणाले. "तुह्यापेक्षा शिकेल माणूस म्हणून राहिला, थांबा. आपण थांबू."

हात वर झाले. योगिताच्या बाजूने चार-पाच हात होते. देवानंदने हात कुणाच्याच बाजूने वर केला नाही. अध्यक्षाने मत देऊ नये असं तो नंतर म्हणाला. पण तो सोसायटीचा अध्यक्ष होता, सभेचा नव्हे.

योगिता खोलीवर आली आणि तिने चार दिवस कुणाशी बोलणं टाळलं. एक वाट तिच्या हातात होती, आणि ती सोडून बाकी सगळ्यांचा ती विचार करत राहिली. करारात असं होतं की तलावाच्या पाण्याला धोका दिसला तर तिथल्या अधिकाऱ्याला काम तात्पुरतं बंद करता येईल. तात्पुरतं, मग संस्था चौकशी करणार आणि महिन्याभरात पुन्हा सुरू करणार. मात्र जाळ्या गाळातून उपसून काढल्या तर गोष्ट वेगळी होती. उपसताना धागे तुटतात. काळधागा पुन्हा तेवढा पसरायला पाच-सहा वर्षं लागतात. एकदा काढलं की मग कुणाचंही मत काहीही असो, वीज येणार नव्हती.

गावाने हात वर करून नाही म्हटलं होतं. शास्त्र तिच्या बाजूने होतं, पण गाव तिच्या मालकीचं नव्हतं. आपल्याला हा अधिकार कुणी दिला, हा प्रश्न तिने स्वतःला उलटसुलट विचारला आणि त्याचं समाधानकारक उत्तर तिला सापडलं नाही. पुढे आयुष्यात कधीच सापडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी करारातल्या त्या कलमावर बोट ठेवून ती संस्थेच्या दोन तंत्रज्ञांना आणि जाळ्या ओढायच्या यंत्राची मोठी नाव घेऊन तलावात उतरली.

पहिली जाळी वर आली तेव्हा पाळीवर माणसं जमू लागली. जाळीला काळा, केसांसारखा झुबका लोंबत होता. तिने आयुष्यात शोधलेली एकमेव गोष्ट. हवा लागली तसा तो राखाडी पडला.

तिसऱ्या जाळीच्या वेळी देवानंद डोंगा वल्हवत आला आणि नावेपुढे आडवा थांबला.

"पुरे कर, योगे."

"दादा, बाजूला हो."

"गावानं नाही म्हटलं तुले. आयकलं नाही का?"

"आयकलं."

"तरी काढून राहिली?"

"तू ड्रम पाहिला ना? आत वाकून पाहिला. मी काठावरून पाहत होती. तुले कळलं होतं, दादा. मंग सभेत हात काऊन नाही वर केला?"

देवानंदचं तोंड उतरलं. पाळीवरचे लोक काही ऐकू येण्याइतके जवळ नव्हते, पण त्याने एकदा मागे वळून पाहिलं.

"ललितानं सात वर्षं घालवली त्या कारखान्यात," तो म्हणाला. "तिच्या हातानं उभा केला. मी हात वर करून घरी कसा गेलो असतो?"

"मी बी तर तिच्याच हातचं खाऊन मोठी झाली."

तंत्रज्ञ यंत्र थांबवून उभे होते. वाऱ्याने डोंगा हळूहळू नावेला येऊन टेकला. देवानंदने वल्हं पाण्यात घातलं आणि डोंगा एकाच हिसक्यात बाजूला घेतला.

"काढ," तो म्हणाला. "पण आता घरी येऊ नको."

तीन दिवस काम चाललं. पाळीवर माणसं रोज जमत, पण अध्यक्षच बाजूला झाल्यावर दुसरं कुणी आडवं आलं नाही. घाटाजवळच्या थोड्या जाळ्या तिने तशाच ठेवल्या, सहावा हिस्सा. तिसऱ्या दिवशी अंधार पडताना देवलझरीत आधी एसी बंद पडले, मग कूलर, आणि बर्फाच्या कारखान्याची घरघर थांबली. गेल्या सात वर्षांत त्या गावात शांतता कशी असते हे पोरांना ठाऊक नव्हतं. ती घाबरून आयांना बिलगली.

*

योगितावर चौकशी बसली. कामावरून काढलं नाही, पण तलाव काढून घेतला आणि नागपुरात पहिल्या वर्षाच्या मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवायला बसवलं. पडगिलवार वाटेत भेटले तर मान हलवून पुढे जात. तिने निबंध लिहिला, तो छापून आला, आणि त्यावर शंका घेणारे तीन निबंध लगेच आले. घरून फोन येत नव्हता. रक्षाबंधनाला तिने राखी पाठवली. पोचल्याचंही कळलं नाही.

गावाच्या बातम्या तिला तेजराम उकेंच्या सुनेकडून मिळत. ती नागपुरात राहायची. पहिला उन्हाळा फार वाईट गेला. एक म्हातारी वारली; उन्हाने की वयाने, ते कुणी नक्की सांगू शकलं नाही, पण लोकांनी योगिताचं नाव घेतलं. शिवणाच्या बायकांनी यंत्रं विकली. काही पोरं पुन्हा बाहेर गेली. ललिताने कारखान्याला कुलूप लावलं. पावसाळ्यानंतर ती घरोघर जाऊ लागली. एका घराने कूलर बंद ठेवला तर त्या घराला कारखान्यात एक वाटा, असं तिने ठरवलं. आधी आठ घरं आली, मग वीस. कारखाना आठवड्याला दोन दिवस चालू लागला. योगिताचं नाव तिच्यापुढे काढलं की ती विषय बदलायची.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात खैरटोल्याचा तलाव आटला; तिथला काळा थर मुळातच पातळ होता. नुसता आटला नाही, आठवडाभरात गेला. लोक सकाळी उठून पाहत तर पाणी कालच्यापेक्षा खाली, आणि एके दिवशी मधोमध चिखलात मासे तडफडत होते. विजेचे दिवे आदल्या रात्रीपर्यंत पूर्ण तेजाने जळत होते. आणखी दोन तलाव त्याच वाटेवर निघाले. दुसरा टप्पा थांबवण्यात आला. पडगिलवारांनी पत्रकार परिषदेत योगिता मारबते हे नाव घेतलं आणि तिचं ऐकलं नाही ही आपली चूक असं स्पष्ट म्हटलं. पण तिला फोन केला नाही. बहुधा करवला नाही.

देवलझरीचा तलावही त्या उन्हाळ्यात खूप खाली गेला. उरलं ते पाणी गढूळ होतं, पण होतं.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी योगिताचा फोन वाजला. देवानंद होता. त्याचा आवाज ती सव्वा वर्षाने ऐकत होती.

"क्लास सुरू आहे का तुहा?" त्याने विचारलं.

"नाही. बोल ना, दादा."

थोडा वेळ तो इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "खैरटोल्याचे ढिवर आले होते. पंधरा घरं. त्यांच्या तलावात आता का राहिलं? आपल्या तलावात जाळं टाकू द्या म्हणत होते."

"मंग?"

"आपल्यातच मासा कमी. मोठा व्हायला अजून दोन पावसाळे पाहिजेत. आपले लोक म्हणत, नाही म्हण. सोसायटीची सभा घेतली. सगळे नाही म्हणाले."

"तू?"

"मी अध्यक्ष आहो," देवानंद म्हणाला. "माह्या सहीनं परवानगी देऊन टाकली. पाच डोंगे, ते बी आठवड्यातून एक दिवस. त्यांची पोरं उपाशी होती, योगे. मी जाऊन पाहून आलो होतो."

योगिता उठून खिडकीपाशी गेली.

"आता वस्तीत कोणी बोलत नाही माह्याशी," तो पुढे म्हणाला. "चहाच्या टपरीवर गेलो का लोक उठून जातात. काल माहं जाळं कोणीतरी कापून ठेवलं. ललिता तेवढी बोलते. तीच म्हणे, बाईले फोन लाव."

पलीकडे गाडी गेल्याचा आवाज आला. तो तलावाच्या पाळीवर उभा असावा.

"याची सवय होते का गं?" त्याने विचारलं.

योगिताने खिडकीबाहेर पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि तिला ते त्याच्यासाठी बोलावंसंही वाटलं.

"नाही होत, दादा," ती म्हणाली.

"हं," देवानंद म्हणाला.

मग तिनेच विचारलं, भंडाऱ्याहून देवलझरीची सकाळची बस अजून सुटते का.